चार बोटांचं अंतर

कोझिबोयेव एर्गशअली, वय वर्षे छप्पन्न, विवाहित, उंची मध्यम, शिक्षण तांत्रिक, पूर्वी शिक्षा झालेली नाही. पद: श्रमसुरक्षा अभियंता. कर्तव्ये: आस्थापनेतील प्रत्येक कामगार सुखरूप कामावर येईल, सुखरूप काम करील व सुखरूप घरी जाईल याची व्यक्तिशः जबाबदारी घेणे. अधिकार: धोका आढळल्यास कोणत्याही विभागाचे काम, कोणत्याही क्षणी, कोणाचीही परवानगी न घेता थांबवणे. तो ज्याच्या अधीन: संचालक. त्याच्या अधीन: कोणी नाही.

हे वर्णन आमच्या कारखान्याच्या फाइलीत आहे. आम्ही मातीचे थाळ, वाडगे आणि प्याले बनवतो. फरगाना खोऱ्यात हे काम करणारे आम्ही एकटे नाही, पण आमची निळाई बरी असते. फाइलीतला एकही शब्द खोटा नाही. एर्गश खरोखरच काम थांबवू शकायचा. तो "थांबा" म्हणाला की लोक थांबत, "बरोबर आहे, अका" म्हणून मान डोलवत, आणि तो पाठमोरा झाला की पुन्हा सुरू करत. वयाने लहान असलेले त्याला अका म्हणायचे, म्हणजे थोरला भाऊ. मी बरोबरीचा, म्हणून नुसतं एर्गश.

पदामुळे माणूस असा होतो की मुळात असा असल्यामुळे ते पद मिळतं, हे मला कधी कळलं नाही. लग्नाला गेला तर एर्गश नवरीकडे बघायच्या आधी बाहेर पडायची दारं बघून ठेवायचा. कोणाच्याही घरी चुलीवर किटली दिसली की तिचा दांडा भिंतीकडे वळवून ठेवायचा, आणि त्या घरची बाई तो पुन्हा आपल्याकडे वळवायची. त्याने कारखान्यात सूचनाफलक लावायचं ठरवलं तेव्हा ते रंगवायचं काम आमच्याच चित्रकार बायांकडे गेलं. 'भट्टीजवळ धावू नका' या तीन शब्दांभोवती त्यांनी डाळिंबं, बदामाची पानं आणि मोराची पिसं अशी काही गुंफली की शब्द शोधावे लागत. एका परदेशी पाहुणीला तो फलक विकत हवा होता. एर्गश म्हणाला, विकायचा नाही. संचालक म्हणाले, दुसरा करून देऊ.

मग ती साथ आली आणि सगळंच बंद झालं. चाकं थांबली, खड्ड्यातल्या मातीवर ओली पोती टाकली, गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे आले. वसंत असाच गेला. तुतीची फळं पडून रस्ता काळा झाला, कोणी उचलली नाहीत. जर्दाळू पिकायला लागले तेव्हा कारखाने उघडायला परवानगी मिळणार असं कानावर आलं, आणि संचालक दिलमुरोद सोबिरोविच यांनी एर्गशला फोन केला. संचालक चाळिशीचे, त्यामुळे तेही त्याला अकाच म्हणायचे.

"अका, तुमचे दिवस आले बघा."

"कसले दिवस?"

"योजना पाहिजे. सुरक्षितपणे कारखाना उघडण्याची. जिल्ह्यातून माणूस येईल, बघेल, सही करील. जाड पाहिजे."

"जाड म्हणजे?"

"म्हणजे हातात घेतल्यावर घेतल्यासारखी वाटली पाहिजे. काचवाल्यांची पहिल्या फटक्यात मंजूर झाली. तीच पाठवतो. जिथे काच आहे तिथे माती लिहा."

"त्यात काय आहे?"

"मला काय माहीत? मंजूर झाली म्हणतोय ना!"

एर्गशने ती वाचली. आमच्या कारखान्यात ती वाचणारा तो एकटा होता. काचवाल्यांकडेही कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही, कारण तिच्यात एका जागी काच होती आणि एका जागी अंडी होती. ती मुळात कुठल्या तरी कोंबड्यांच्या फार्मवरून निघालेली. एर्गशने ती बाजूला ठेवली आणि मापाची फीत खिशात घालून कारखान्यात गेला.

त्याच संध्याकाळी घरी परतताना ओयनिसोने त्याला गाठलं. ओयनिसो आमच्याकडे पॅकिंगला होती. तिने गवतात गुंडाळलेला थाळ गाढवावरून पडला तरी फुटत नसे. तिचा नवरा शेरअली याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीन वेळा त्याला शहरातल्या दवाखान्यात यंत्राला जोडत, आणि टाळेबंदीत त्या गाडीला तेवढी वाट सोडत. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं होतं की हा आजार तुझ्या पायांनी घरात आला तर आम्ही काही करू शकणार नाही.

"एर्गश-अका, योजना तुम्हीच करताय ना?"

"करतोय."

"संचालक म्हणतात, पहिल्या दिवशी जो येणार नाही त्याची जागा रिकामी धरणार. खरं का?"

"म्हणतात तसं."

"मग मला एवढं सांगा. कागदावरचं नको. कागदावर आमच्या नळालासुद्धा दिवसभर पाणी आहे. तुम्ही स्वतः बघा आणि मला एक शब्द द्या. ये, नाहीतर येऊ नको. तुम्ही म्हणाल तसं करीन."

इतकी वर्षं एर्गश लोकांना न विचारलेलं सांगत आला होता. कोणीतरी आपण होऊन विचारलं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"सांगतो," तो म्हणाला.

पुढचे दिवस त्याने जे केलं ते बघून आम्हाला वाटलं, याला झालंय तरी काय. रंगाने चिकटून बसलेल्या खिडक्या त्याने कुऱ्हाडीने उघडल्या. चाकं एकमेकांपासून ओढून लांब नेली. चित्रकार बाया एका मोठ्या बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, त्यांना वेगवेगळं बसवलं. त्यांच्यातली मावलुदा जिभेची तिखट. ती म्हणाली, "अका, आता कोणाबद्दल काही बोलायचं तर ओरडून बोलावं लागेल, आणि ज्याच्याबद्दल बोलू त्यालाही ऐकू जाईल."

"मग बोलू नका."

"मग नक्षी कशी निघणार?"

प्याल्यांवरून तर भांडणच झालं. आमच्याकडे चहा ओतणारा एक असतो आणि प्याला हातोहात फिरतो. एर्गशने कागदी पेल्यांची खोकी मागवली. प्याले बनवणाऱ्या कारखान्यात कागदी पेले आले हे बघायला निशोनबोय-ओता स्वतः उठून दारापर्यंत आले. ओता, म्हणजे बाबा, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे. चाकावर बसणं त्यांनी कधीच सोडलं होतं, पण रोज यायचे, आणि त्यांनी दुआ केल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही असा रिवाज होता. त्यांनी एक कागदी पेला उचलला, टिचकी मारली, कानाशी नेला, परत टिचकी मारली.

"मेलेला आहे," ते म्हणाले आणि ठेवून दिला.

शेवटी ज्याचा त्याचा मातीचा प्याला ठरला. खाली नाव लिहायचं, वरून झिलई द्यायची, म्हणजे नाव पुसलं जाणार नाही. बायांनी नावं फार सुंदर लिहिली. एर्गश खूश होता. एकेक गोष्ट जागेवर बसत चालली होती.

परवानगीच्या आधी सगळ्यांना शिकवणी द्यायची होती. ती त्याने अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली घेतली. चाळीसएक माणसं स्टुलांवर लांब लांब बसली. ओयनिसोही आली होती, फाटकाजवळ, सगळ्यांपासून वेगळी. सुरुवातीला एर्गशने प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर पांढऱ्या मातीची भुकटी टाकली. थाळावर रंग देण्याआधी जो पांढरा हात देतो ती माती. "चोळा हाताला," तो म्हणाला. "ही भुकटी म्हणजे आजार समजा. आता मी बोलतो तेवढा वेळ बसा. मग बघू कुठे कुठे गेला ते."

मग तो तोंडाला हात लावण्याबद्दल बोलला. नाक, डोळे, ओठ. माणूस नकळत किती वेळा चेहऱ्याला हात लावतो, आणि आजार त्याच वाटेने आत शिरतो. दुसरी वाट नाही म्हटलं तरी चालेल. तो चांगला बोलला. त्याला इतकं बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं, कारण इतकं बोलू दिलं नव्हतं. शेवटी तो प्रत्येकाजवळ गेला. मावलुदाच्या मोबाइलवर पांढरं होतं. कोणाच्या गुडघ्यावर होतं, थर्मासच्या झाकणावर होतं, दाराच्या कडीवर होतं, एका मांजरावर होतं. पण चेहरे? चेहरे स्वच्छ.

"एकाही चेहऱ्यावर नाही!" एर्गश म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "बघा, जमतं! माणसाने मनावर घेतलं तर जमतं!"

निशोनबोय-ओतांनी समाधानाने मान हलवली. "छान बोललास, पोरा," ते म्हणाले आणि दोन्ही तळवे वर केले. "देव तुला आरोग्य देवो, या सगळ्यांना देवो. ओमीन."

"ओमीन," चाळीस जण म्हणाले, आणि चाळीस जणांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत तोंडावरून हात फिरवले.

हे आमच्याकडे ठरवून होत नाही. जेवून उठताना, प्रवासाला निघताना, कोणाच्या घरून परतताना वडीलधारा दुआ करतो आणि बाकीचे तोंड पुसतात. जांभई आली की तोंड उघडतं, तितकं ते आपोआप होतं. मांडवाखाली चाळीस पांढरे चेहरे एकमेकांकडे बघत होते. मग मावलुदा फिसकन हसली आणि सगळेच हसत सुटले. ओता हसले नाहीत. त्यांची दाढी आधीपासूनच पांढरी, त्यामुळे त्यांच्यात काही फरक पडला नव्हता. "काय झालं?" ते विचारत होते. "काय झालं रे?"

एर्गश सगळ्यांच्या मधोमध उभा होता. त्याच्या मिशीवर, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर पांढरी माती होती.

ओयनिसो हसत नव्हती. तिने ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला, आणि पुसताना पुन्हा हात लागला म्हणून थांबली.

दुसऱ्या दिवशी एर्गश ओतांपुढे जाऊन बसला.

"ओता, दुआ बंद करा असं मी म्हणत नाही."

"म्हणून तर बघ."

"फक्त हात तोंडाला लावू नका."

"मग कुठे लावू?"

"कुठेच नाही. खाली घ्या."

"दुआ हातात आलेली असते, पोरा. ती काय मातीत झटकून टाकायची?"

"मग आधी हाताला स्पिरिट चोळा."

"दारूने हात माखून देवापुढे धरू? तुझी आजी असती तर तुला काय म्हणाली असती माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग मी म्हणत नाही. जा."

एर्गश गेला. परत आला. पुन्हा गेला. त्याने ओतांच्या मुलाला मध्ये घातलं. मुलगा म्हणाला, मला बापाने अजून घराबाहेर काढलेलं नाही, तेवढं राहू द्या. घरी एर्गशची बायको म्हणाली, जगबुडीच्या दिवशीसुद्धा तुम्ही लोकांना रांगेत उभं करायला जाल. कारखान्यात पोरं त्याच्या पाठीमागे पांढरी मिशी काढून दाखवायची. संचालक रोज फोन करून विचारायचे, किती जाड झाली?

आणि मग एका सकाळी ओतांनीच त्याला हाक मारली.

"अंतर किती पाहिजे?"

"कशातलं?"

"हातातलं आणि तोंडातलं. सगळ्याला तुझं अंतर असतं ना? चाकांना आहे, बायांना आहे. याला किती?"

एर्गशने याचा विचारच केला नव्हता. त्याने आपला तळवा चेहऱ्यापुढे धरून बघितला. "चार बोटं," तो म्हणाला.

ओतांनीही धरून बघितला. "चार बोटं चालेल. दुआ इतक्या लांबून येते, तिला चार बोटांची उडी जड नाही." आणि तळवा खाली घेत म्हणाले, "शेरअलीच्या बायकोने सांगितलं मला. आधी का नाही बोललास?"

मांडवाखाली पुन्हा सराव झाला. ओमीन म्हणायचं, हात वर घ्यायचे, चेहऱ्यापासून चार बोटांवर ठेवून खाली आणायचे. मावलुदा म्हणाली, दुसऱ्याची दाढी करत असल्यासारखं वाटतं. पण जमलं. पुन्हा भुकटी लावून केलं, चेहरे स्वच्छ. तिसऱ्यांदा केलं, स्वच्छ. एर्गशने योजनेत त्याचं वेगळं कलम घातलं, सतरावं, चित्रासकट. त्याचा फलक करून घेतला आणि बायांना बजावलं, डाळिंब नको. त्यांनी एकच काढलं, कोपऱ्यात.

फाटकाजवळ ओयनिसो म्हणाली, "मग येऊ?"

"बहुतेक ये."

"बहुतेक नको, अका. एक शब्द."

"निरीक्षक येऊन जाऊ दे. मग देतो."

निरीक्षक बहरोम तोलिपोविच तरुण होते, फिकट रंगाच्या मखमली कातड्याचे बूट घालून आले होते. फाटकात क्लोरीनच्या पाण्याने भिजवलेलं पायपुसणं होतं, ते त्यांनी ओलांडलं, बूट खराब झाले असते. तापमान मोजायचं यंत्र त्यांनी स्वतःच्या मनगटाला लावून बघितलं. कारखान्यात एक चक्कर मारली. खिडक्या उघड्या बघून म्हणाले, हवा येते. मग संचालकांच्या खोलीत बसून त्यांनी योजना हातात घेतली, जराशी वर-खाली करून पाहिली. संचालकांच्या चेहऱ्यावर समाधान आलं.

पानं उलटता उलटता सतराव्या कलमाशी ते थांबले.

"हे काय आहे?"

"हातांचं," एर्गश म्हणाला. "दुआनंतर लोक तोंड पुसतात. ते न पुसता कसं करायचं, ते."

"सरकारी कागदात दुआ?"

"दुआबद्दल नाही. हातांबद्दल."

"अका, आपलं राज्य धर्मनिरपेक्ष आहे. मी हे वर नेलं तर मला विचारतील, तू कारखाना बघायला गेला होतास की मशीद?"

"पण लोक तसं करतात."

"लोक काय करतात ते योजनेत लिहायचं नसतं. लोकांनी काय करायला पाहिजे ते लिहायचं असतं."

"तेच तर लिहिलंय."

"एर्गश-अका," संचालक म्हणाले. या दोन शब्दांत त्यांनी बरंच काही सांगितलं.

"मग 'इतर हालचाली' असं लिहू?" एर्गशने विचारलं.

"कोणत्या हालचाली? लगेच विचारतील, कोणत्या." बहरोम तोलिपोविच यांनी पेन काढलं आणि सतराव्या कलमावर आडवी रेघ मारली, चित्रावरही मारली. "बाकी काम उत्तम आहे. खरंच. काचवाल्यांपेक्षा चांगलं. आणि तो बाहेरचा फलकही काढून टाका. डाळिंब छान आहे त्याच्यावर."

फलक काढला. मग अंगणात मांडवाखाली सगळ्यांचं जेवण. योजनेप्रमाणे प्रत्येकासाठी वेगळी ताटली मांडली होती. बहरोम तोलिपोविच यांनी आपल्या ताटलीकडे बघितलं. "हे काय, मला दवाखान्यात ठेवलंय का?" ते हसून म्हणाले. "पुलाव असा खातात होय? थाळ आणा." थाळ आला, आमचाच, मोठा, निळा. चहा आला आणि नाव लिहिलेले प्याले हातोहात फिरू लागले. निरीक्षकांच्या वाट्याला मावलुदाचा आला. मास्क सगळ्यांचे हनुवटीखाली होते. एर्गश आपल्या ताटलीतला भात इकडून तिकडे करत होता. मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो मला हळूच म्हणाला, "सरावाचं लोकांना आठवत असेल. कलम नसलं म्हणून काय झालं."

जेवण झालं. दुआचा मान पाहुण्याचा. ओतांनी हात पुढे करून म्हटलं, "तुम्ही करा, बेटा."

बहरोम तोलिपोविच यांनी आढेवेढे घेतले नाहीत. तळवे वर केले, डोळे मिटले आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "देव या कारखान्यात बरकत देवो, इथल्या प्रत्येकाला या आजारापासून लांब ठेवो, देशात शांती नांदो. ओमीन." आणि दोन्ही हातांनी कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश तोंड पुसलं.

चाळीस जणांचे हात चेहऱ्यापासून चार बोटांवर थांबले. मी स्वतः बघितलं. सराव आठवत होता. पण सगळे ओतांकडे बघत होते, आणि ओता पाहुण्याकडे. पाहुण्याने पुसायचं आणि यजमानांनी हात हवेत ठेवायचे, म्हणजे तुझी दुआ आम्हाला नको असं तोंडावर सांगण्यासारखं. ओतांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी एकदा एर्गशकडे बघितलं. मग त्यांनी तोंड पुसलं. मग सगळ्यांनी पुसलं.

एर्गशचे हात तेवढे वरच राहिले.

"अका," संचालक दातांतून म्हणाले, "हात."

एर्गश हलला नाही.

"अकांना काही दुखतंय का?" बहरोम तोलिपोविच यांनी काळजीने विचारलं. "खांदा आखडलाय का?"

"नाही, नाही," संचालक म्हणाले. "ते जरा सावकाशच असतात."

एर्गशने हात खाली आणून गुडघ्यांवर ठेवले. कोणी हसलं नाही. मावलुदासुद्धा नाही.

सही दोघांची लागत होती, निरीक्षकांची आणि जबाबदार व्यक्तीची. निरीक्षकांनी लगेच केली. एर्गश पेन धरून बसला.

"काय राहिलं आता?" संचालकांनी विचारलं. "सगळं तुम्हीच लिहिलंय ना? काही खोटं लिहिलंय का?"

"खोटं काही नाही."

"मग? चाळीस घरं चुलीकडे बघत बसली आहेत, अका. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी करा."

हे खरंच होतं. त्या चाळिसांत माझंही घर होतं. एर्गशने सही केली.

फाटकाबाहेर ओयनिसो उभी होती. मावलुदाने तिला फोनवर सांगितलेलं होतं. तिने कामाचा झगा धुऊन, इस्त्री करून हातावर घेतला होता, जणू आत्ताच आत जायचंय.

"मंजूर झालं म्हणे! मुबारक, अका!"

"झालं."

"मग म्हणा आता तो शब्द."

"येऊ नको," एर्गश म्हणाला.

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "मंजूर झालं ना?"

"झालं. सगळं मंजूर आहे."

"तुम्ही सही केली?"

"केली."

"मग बाकीच्यांना सुरक्षित, आणि मलाच नाही?"

"बाकीच्यांनाही नाही."

"मग त्यांना का नाही सांगितलं?"

"त्यांनी विचारलं नाही."

ओयनिसोने झग्याची घडी उलगडली, पुन्हा घातली. "म्हणजे मी विचारलं म्हणून मी घरी बसायचं," ती म्हणाली. "मी बावळट, मी विचारलं. मावलुदाने नाही विचारलं, तिची जागा राहिली."

"ओयनिसो, शेरअली..."

"त्याचं नाव घेऊ नका. त्याच्या औषधाला काय तुमची योजना खायला घालू?"

ती गेली. एर्गश परत आत आला, संचालकांच्या खोलीत गेला आणि तिच्यासाठी रजा मागितली, साथ सरेपर्यंत, जागा राखून.

"कोणत्या कारणाने?" संचालकांनी विचारलं.

"तिच्यासाठी इथे धोका आहे."

दिलमुरोद सोबिरोविच वाईट माणूस नाहीत. त्यांनी एर्गशला खुर्ची दिली, चहा दिला, आणि समोर तो सही झालेला गठ्ठा ठेवला. "अका, धोका आहे असं लेखी द्या. लगेच रजा देतो. तिलाही देतो आणि सगळ्यांनाच देतो, कारण मग कारखाना उघडणारच नाही. धोका नसेल तर तिने कामावर यावं. आहे आणि नाही, अशी दोन्ही उत्तरं तुम्हीच देताय. यातलं कोणतं खरं धरू?"

एर्गशने चहा प्यायला आणि बाहेर आला. मी दारात होतो. तो मला म्हणाला, "त्याचं बरोबर आहे. याचाच मला राग येतो. प्रत्येकाचं बरोबर आहे."

"ओतांचं?"

"ओतांचं तर सगळ्यात जास्त."

"आणि निरीक्षकाचं?"

"त्याने दुआ मनापासून केली," एर्गश म्हणाला. "त्याच्या हातांवर काय चिकटलं होतं देव जाणे, पण त्याने मनापासून केली." आणि त्याने भिंतीला लाथ मारली. त्याच्या बुटाच्या पुढच्या टोकाला लोखंडी वाटी होती, त्यामुळे त्याला लागलं नाही. भिंतीचा पोपडा पडला.

कारखाना सोमवारी उघडला. जिल्ह्याला गेलेल्या अहवालात कामावर परतलेले कामगार शंभर टक्के दाखवले आहेत, आणि आकडा बरोबर आहे, कारण पॅकिंगच्या टेबलावर त्या दिवसापासून संचालकांच्या मेहुणीची सून दिलदोरा बसते. तिने गुंडाळलेले थाळ फुटतात. जुलैत आमच्यातले निम्मे लोक तापाने पडले आणि कारखाना पुन्हा बंद झाला. ओता दीड महिना अंथरुणावर होते. मीही पडलो. ओयनिसोच्या घरात कोणाला ताप आला नाही. ती आता घरच्या तंदूरवर नान भाजून गल्लीच्या तोंडाशी विकते. एर्गश रोज तिथूनच नान घेतो, आणि ती त्याच्या सलामाला उत्तर देत नाही.